बिडीचं तोंड

प्रयागबाईनं लेकीला, विशाखाला, दंडाला धरून शेजारच्या रंभाबाईच्या घरात लोटलं, दार ओढून घेतलं आणि धावत येऊन आपल्या ओसरीत सूप मांडीवर घेतलं. तोवर मजूर खात्याची जीप पाचपावली वस्तीच्या नळापाशी येऊन थांबलीच होती.

घरोघरी बिड्या वळायला लहान पोरं बसतात का, हे बघायला साहेब येणार, ही बातमी वस्तीला आदल्या दिवशीच लागली होती. पानं आणि तंबाखू वाटणारा ठेकेदार रुपराव दारोदार बजावून गेला होता,

"ज्या घरी पोट्टं बसलेलं दिसन, त्या घरचं पान उद्यापासून बंद. मंग माह्याजवळ रडत येऊ नका."

त्याची पाठ वळते न वळते तोच शाळेतल्या सिंधूताई आल्या.

"काहून भेते वं? साहेबाले खरं सांग. सारे खोटं बोलून राहिले, मंग सरकार काय करन? दहा वर्षांची झाली विशाखा, तिले अजून सोताचं नाव लिहिता येत नाही."

पान बंद झालं तर पोरीच्या ताटात काय वाढायचं? आणि चालू राहिलं तर पोरगी या सुपापुढून उठायची कधी? प्रयागबाईचं डोकं भणभणून गेलं. घटकेत वाटे सांगून टाकावं, घटकेत वाटे जीभ आवरावी. शेवटी आपण काय ठरवलं, हे तिचं तिलाच धड माहीत नव्हतं.

मधुकरराव साहेब वाकून ओसरीत आले आणि बाजेवर बसले. सिंधूताई दाराशी उभ्या राहिल्या. रुपराव त्यांच्या मागे. साहेबांना तो नुसता वाट दाखवायला आला होता म्हणे.

"घरात कोण कोण असतं, बाई?"

"मी अन् पोरगी, जी. मालक वारल्यापासून दोघीच."

"पोरगी बिड्या वळते?"

"नाही जी. शाळेत जाते."

उत्तर इतकं सहज निघून गेलं की प्रयागबाई स्वतःच चपापली. सिंधूताईंनी मान खाली घातली.

साहेबांचं काम खरं तर इथंच संपलं होतं. पण माणूस हौशी, आणि बिडी वळताना त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"एक वळून दाखवा बघू."

हे मात्र तिच्या हातचं होतं, त्याला डोकं लागत नव्हतं. कापलेल्या पानावर तिनं तंबाखूची चिमूट पसरली, पान वळलं, बारीक टोकाला दोरा गुंडाळून तोडला आणि न बघताच बिडी डावीकडे पुढे केली.

डावीकडे कोणीच नव्हतं.

गेल्या कित्येक दिवसांत बिडीचं रुंद, उघडं तोंड तिनं स्वतः मिटवलं नव्हतं. ती वळायची, पोरगी नखानं तोंड दाबायची. लहान बोटांना ते झटकन जमतं म्हणून निम्म्या वस्तीत हीच रीत. रुपरावच्या ते लगेच लक्षात आलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला. साहेब मात्र हसले.

"नको बाई, मी ओढत नाही."

रुपरावनं सुटकेचा श्वास टाकला. आता प्रयागबाईनं हात मागे घेतला की झालं. पण हात मागे येईना. डाव्या बाजूला चटई झिजून खालची जमीन दिसत होती, आणि ती तिकडेच बघत राहिली. आपल्याला रडू येतंय की राग, तेही तिला कळेना.

"तुमच्यासाठी नव्हती जी," ती म्हणाली.

मग तिनं रंभाबाईच्या घराकडे तोंड करून हाक मारली,

"विशाखा वं, ये इकडे!"

पोरगी पळत आली. एवढी माणसं पाहूनही ती थबकली नाही. आईच्या डावीकडे बसली, तिच्या हातातली बिडी घेतली, नखानं तोंड मिटवून सुपात टाकली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.