दुसऱ्या कडव्यानंतर

ध्वनिमुद्रकांचा हात असा साफ, की लोक म्हणायचे, हा माणूस आवाज धुऊन, वाळवून, घडी घालून देतो. आता मात्र त्यांचे कान थकले होते. बारीक, उंच आवाज पोचतच नसत. मध्यंतरी टिकटिक थांबली असं वाटून त्यांनी चालत्या घड्याळाचा सेल बदलला होता. जुना सेल बायकोने जपून डब्यात ठेवला.

घरात एक फीत होती, कधीच बाहेर न गेलेली. मागच्या खोलीत बसून बायकोने अंगाई म्हटली होती. लेक मांडीवर होती, आणि दुसरं कडवं संपताच ती खुदकन हसली होती. पुढच्या थंडीत तापाचं निमित्त झालं. लेकीचा म्हणून जगात तेवढाच आवाज उरला.

इंटरनेटवर गाणी विकणारा पुतण्या मागे लागला. "काकू, आता कॅसेट कोण घेतंय? देशोदेशी लोक फोनवरच गाणी विकत घेतात. दरवर्षी त्यात नव्या देशांची भर पडतेय."

"नको रे," ती म्हणाली.

"फीत सडतेय गं," ध्वनिमुद्रक म्हणाले. "आता उतरवली नाही, तर हसूही जाईल."

मनातल्या मनात हात जोडून तिने फीत काढून दिली.

कॉम्प्युटरवर उतरवताना ती एकदाच वाजली. वाजता वाजता तपकिरी भुकटी यंत्रात झडत गेली आणि हाती नुसती कोरी पट्टी राहिली. मग ध्वनिमुद्रक कॉम्प्युटरपुढे बसले. कान साथ देईनात, म्हणून डोळ्यांनी काम केलं. पडद्यावर खरखरीची रेघ उठली की पुसायची, उठली की पुसायची.

गाणं विक्रीला लागलं, आणि पुतण्या फोन नाचवत आला. "हा नकाशा बघा! विकलं गेलं की देश हिरवा होतो. बर्फाच्या देशातसुद्धा! काकू, तुमचा आवाज जग हिंडतोय, आणि तुम्ही मात्र जिना उतरायला तयार नाही."

"लाव बरं," ती म्हणाली.

दुसरं कडवं संपलं. पुसलेल्या फरशीसारखी शांतता आली, आणि तिसरं कडवं सुरू झालं.

तिने पुतण्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, ती हसते ते कुठंय?"

त्याचा चेहरा पडला. तिथूनच त्याने हाक मारली, "काका, साफ करायच्या आधीची फाईल ठेवलीय ना?"

"आधीची कशाला?" बाहेरून ऐटीत उत्तर आलं. "जन्मभर एकाच फितीवर काम केलंय मी. फाईलही तीच साफ केली, तीच ठेवली."

पुतण्या काकूच्या नजरेला नजर न देता, फोन तिथेच विसरून, चपला घालून निघून गेला.

"इकडे ये गं," ध्वनिमुद्रक म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "कान मेले माझे. तिचं हसू तेवढं मला येत नाही ऐकू. तुला येतंय ना?"

ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"येतंय."

"मग ती हसली की माझ्या हातावर बोट ठेव. रोज ऐकत जाऊ."

गाणं लागलं. दुसरं कडवं संपलं. त्या शांततेत तिने त्यांच्या तळहातावर बोट टेकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि बोट घट्ट धरून ठेवलं. समोरच्या फोनवर आणखी एक देश हिरवा झाला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.