यादीतलं पहिलं नाव

डेल टॉर्गसनने सव्वीस वर्षं गावोगावच्या डेअऱ्यांना दूध थंड ठेवायच्या टाक्या विकल्या आणि त्यापायी अर्धं आयुष्य विमानात घालवलं. त्या खटाटोपातून हाती उरलं ते विमान कंपनीचं प्लॅटिनम कार्ड. ते असलं की पुढच्या रुंद खुर्च्यांपैकी एखादी रिकामी राहिल्यास फुकटात मिळते. राहिली तर! तोवर गेटवरच्या पडद्यावरल्या प्रतीक्षायादीकडे डोळे लावून बसायचं. डेल कधी चौथा असे, कधी एकोणिसावा, आणि आपल्या वर कुणाचं नाव चढलं की भावकीतल्या माणसासारखा जळत असे.

आता तो निवृत्त झाला होता आणि कार्ड जानेवारीअखेर संपणार होतं. त्याआधी बायकोला, मार्लिसला, एकदा पुढे बसवायचंच, असं त्याने मनावर घेतलं होतं. पोरं तिने एकटीने वाढवली. मिनियापोलिसच्या हिवाळ्यात दारातला बर्फही तिनेच उपसला. कार्डवाल्याच्या सोबत्यालाही यादीत घेतात, हा नियम त्याला ठाऊक होता. मार्लिसने काल मुद्दाम केस सेट करून घेतले होते. "डबा घेऊ नकोस, पुढे चिनी मातीच्या बशीत गरम जेवण देतात," असं त्याने तिला चारदा बजावलं होतं.

फिनिक्सच्या विमानाच्या गेटवर पडदा उजळला. पहिलंच नाव होतं, टॉर, डी.

"बघ! पहिला!" डेल म्हणाला. "आडनावाची इंग्रजीतली पहिली तीनच अक्षरं देतात. समोर हिरवी खूण आली की जागा पक्की. तुझं नाव खालीच असेल."

मार्लिसने चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली. "मी नाहीये रे यात."

डेल तावातावाने काउंटरवर गेला. तिथल्या बाईंनी चार कळा दाबल्या. "टॉर्गसन साहेब, तुमचं तिकीट वेगळं, बाईंचं वेगळं. दोघं एकाच तिकिटावर असतील तरच सोबत धरतो आम्ही."

घोडं पेंड खात होतं ते तिथे. ऑक्टोबरातल्या एका सकाळी सवयीने त्याने एकट्याचंच तिकीट काढलं होतं. कॉफी संपल्यावर मार्लिसची आठवण झाली, म्हणून तिचं मागाहून. नियमांची पोथी तोंडपाठ असलेला माणूस बायकोलाच विसरला होता.

"मग माझी जागा तिला द्या."

"तशी देता येत नाही हो. तुम्हाला नको असेल तर यादीतल्या दुसऱ्याला जाते."

तो दुसरा, करड्या सुटातला, मागे कान टवकारून उभाच होता.

डेलने परत येऊन सगळं सांगून टाकलं. मार्लिस चिडली असती तर बरं झालं असतं.

"असू दे. तू बस पुढे," ती म्हणाली. "मला सवय आहे."

हे वाक्य त्याने दौऱ्यावर असताना बोईसीहून, फ्रेस्नोहून फोनवर शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी हायसं वाटून फोन ठेवला होता. आज ते बोलणारा चेहरा समोर होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात त्याच्या नावासमोर हिरवी खूण उमटली. "तू हो पुढे, मी आलोच," असं म्हणून त्याने मार्लिसला रांगेत धाडलं आणि ती आत दिसेनाशी झाल्यावर पुन्हा काउंटर गाठला.

"नको मला ती जागा."

बाईंना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "साहेब, विचार करा. तुमची आधीची बारा-सी केव्हाच गेली. आता एकतीस-ई तेवढी आहे. मधली, शौचालयाजवळची."

"खिडकीशी कोण आहे?"

बाईंनी पडद्यावर पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांनी नवा पास छापून दिला.

एकतिसाव्या रांगेत मार्लिसने मधल्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. त्याला पाहून ती चमकली. "काय रे, काय झालं?"

"नाही मिळाली जागा," डेलने ठोकून दिलं. "दुसऱ्या कुणाला गेली."

हिरवी खूण तिने पाहिली होती. ती कशी वाचायची हे त्यानेच तर शिकवलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन तिने कागदात गुंडाळलेली अंड्याची दोन सँडविच काढली.

"डबा नको म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतास." एक सँडविच तिने त्याच्या हातात दिलं. विमान धावपट्टीकडे वळलं, तशी खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "डेल, तिकीट काढताना आधी विचारतात ना, प्रवासी किती म्हणून?"

"विचारतात."

"तिथे दोन लिहीत जा."