शून्य गुणांचं उत्तर

आमच्या ऑफिसात एआयची परीक्षा घेण्याचं काम माझ्याकडे आहे. एकच प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा नुसता आणि एकदा सगळी माहिती देऊन. मग दोन्ही उत्तरांना गुण द्यायचे. या वेळी शहरातल्या बमरोली भागातल्या एका कापड विणणाऱ्या लूम कारखान्यासाठी पाळ्या लावणारा प्रोग्रॅम हवा होता.

नुसतं विचारलं तर एआयने आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या, जेवणाची सुट्टी धरली, रविवारी कारखाना बंद ठेवला. कोणाला सलग दुसरी पाळी द्यायला गेलं की प्रोग्रॅम लाल अक्षरांत नकार द्यायचा.

मग मी माहिती दिली. पाळी बारा तासांची, एका माणसाकडे बारा मशीन, जेवण मशीन चालू ठेवूनच, सुट्टी नाही. ही माहिती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते तीस वर्षं लूम चालवतात. दुसरा प्रोग्रॅम अगदी तसाच आला. आमचे साहेब हितेशभाई खूश. दुसऱ्या प्रोग्रॅमला दहापैकी दहा, पहिल्याला शून्य. शेरा मीच लिहिला, "वास्तवाशी काही संबंध नाही."

माहिती आप्पांची, म्हणून दोन्ही प्रोग्रॅमची वेळापत्रकं मराठीत छापून त्यांनाच तपासायला दिली. दुसरं त्यांनी एका नजरेत बाजूला ठेवलं. "बराबर शे."

पहिलं मात्र चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"हाऊ कारखाना कोठे शे, माय?" त्यांनी मला, आपल्या लेकीला, विचारलं. "तठे जागा शे का?"