धुराड्याशी ठेवलेलं पीठ

कॉफी भाजणाऱ्याच्या नशिबी दोन सुखं, वास आणि ऊब. पण दोन्ही वरच्या मजल्यावर गेली की भांडण ठरलेलं. माझ्या वर तकिया खाला राहते. घर तिचं, तळमजला तिने माझ्या भट्टीला दिलेला.

भट्टीचा पत्र्याचा पाइप मी छतातून वर नेला आणि भोवती गवत कालवलेला चिखल लिंपला. आम्ही धमार गावची माणसं अशीच. भिंत पडो की दात, आधी चिखल कालवतो. एका सकाळी ते गवत आतल्या आत धुमसलं आणि खालाच्या पायाखालची तुळई काळी पडली.

"नाजी, मेल्या, मला जिवंत भाजतोस?" ती जिन्यातूनच ओरडली. "उचल ते यंत्र आणि बाहेर हो!"

माझं धाबंच दणाणलं. बाजारात जागा कोण देणार? हातापाया पडून मी एक संधी मागून घेतली.

तंदूर घडवणाऱ्या मुकबिलला म्हटलं, "बिनबुडाचे अरुंद तंदूर दे, एकावर एक रचायचेत."

"एवढे अरुंद? यात रोटी कोण थापणार, मांजर?"

"धूर जाणार आहे. तू कर रे बाबा."

पाइप काढून त्या तंदुरांचं धुराडं रचलं, आणि या खेपेला गवताची काडीही वापरली नाही. तुळया धुराड्यापासून वीतभर मागे कापल्या, मधल्या फटीत आपल्या डोंगरातला हलका, भोकाभोकांचा काळा दगड भरला. सांधे चुना-राखेने लिंपले. खाली भाजताना बियांचं उडणारं फोलपट काढायला छोटं दार ठेवलं, कारण साठलेलं फोलपटच आधी पेटतं. धुराड्याचं तोंड गच्चीच्या बरंच वर काढलं आणि त्यावर तुपाच्या डब्याची टोपी बसवली.

खालाने परीक्षा स्वतःच ठरवली. स्वयंपाकघरात, धुराड्याभोवतीच्या दगडावर तिने पिठाचा गोळा ठेवला. "घाणा उतरेपर्यंत याला पापुद्रा जरी धरला, तरी तू रस्त्यावर!"

बिया तडतडत होत्या आणि माझं काळीजही. घाणा उतरवून मी वर धावलो. खाला बोटाने गोळा टोचत होती.

"भाजलं का?"

"कसलं भाजतंय! कच्चंच आहे." मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पण फुगलंय."

आमच्या थंडीत पीठ फुगायला दुपार होते; हे धुराड्याच्या उबेने एका घाण्यातच फुगलं होतं. खालाने गोळा उचलला आणि रोट्या थापायला घेतल्या.

शुक्रवारी भट्टी बंद असते. मी पांघरुणात असतानाच दार धडधडलं. उघडलं तर खाला उभी होती, काखेत पिठाची परात.

"झोपतोस काय? सुना-नातवंडं जेवायला येताहेत आणि माझं पीठ गारठलंय!"

"पण खाला, तू तर मला बाहेर हो म्हणाली होतीस."

"मी? केव्हा?" ती जिना चढू लागली. "आधी जाळ कर."

मी हसत हसत भट्टी पेटवली.