अध्यक्षांच्या फोटोखालची सूचना

मित्रांनो, पुण्यातल्या एका कॉलेजात, कार्यालयाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर गेली एकतीस वर्षं टांगलेला जुना सूचना फलक म्हणजे मी. माझ्यासमोरून तुम्ही रोज जाता. माझ्याकडे मात्र तुम्ही निकालाच्या दिवशीच बघता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला आज सांगायचं आहे ते वेगळंच आहे आणि ते सांगताना मला अजून शिसारी येते.

माझा जन्म कसबा पेठेत झाला. कोंडीराम नावाच्या सुताराने मला सागवानाची चौकट केली, आत हिरव्या बनातीचं जाड कापड ताणून बसवलं आणि पुढे काचेची दोन दारं लावली. हातगाडीवरून मला कॉलेजात आणलं तेव्हा शिपायांनी मला हार घातला होता. फलकाला हार घालणारी माणसं पाहून मला वाटलं, आपलं काम मोठं दिसतंय.

आणि ते मोठंच होतं. त्या काळी कार्यालयात विजयमालाबाई होत्या. शिष्यवृत्तीचं सगळं काम त्यांच्याकडे असे. शहरातल्या लहानमोठ्या संस्थांची पत्रं टपालाने यायची. कुणी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दोन मुलांची फी भरायचं, कुणी फक्त मुलींची. बाई प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचायच्या. मग स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात सूचना लिहून माझ्यावर लावायच्या.

त्यांची एक गोष्ट मी विसरलेलो नाही. ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असं लिहिलेला कागद वाचायला मुलं लाजायची. कुणी पाहील म्हणून दुरूनच मान वळवून निघून जायची. हे बाईंच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्या ती सूचना परीक्षेच्या वेळापत्रकाला चिकटून लावू लागल्या. म्हणजे उभा राहिलेला मुलगा काय वाचतोय ते कुणाला कळायचं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या एका कामगाराचा वैजनाथ नावाचा मुलगा असाच पाऊण तास वेळापत्रक वाचत उभा होता. बाईंनी त्याला खिडकीतून हाक मारली, “अहो, तुमची परीक्षा मार्चमध्ये आहे. आत या आणि फॉर्म घेऊन जा.” तो हसला आणि आत गेला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीवर रविराज नावाचे गृहस्थ आले. सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज तोवर संगणकावर गेले होते. पण खासगी संस्थांची पत्रं अजून टपालानेच येत होती. रविराज ती पाकिटं फोडायचे, वरची ओळ वाचायचे आणि खणात टाकायचे. माझ्या काचेला त्यांनी कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात. मग माझ्यावर काय लागू लागलं? कॉलेजच्या अध्यक्षांचा वाढदिवस. अध्यक्षांना मिळालेला पुरस्कार. अध्यक्षांनी पुरस्कार मिळाल्याबद्दल मानलेले आभार. एकदा तर अध्यक्षांच्या नातवाच्या बारशाचा फोटो दीड महिना माझ्या छातीवर होता. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला हात असते तर मी तो स्वतः काढून फेकला असता.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरची ही गोष्ट. पूर्णिमा नावाची मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मूळची वाशिमकडची. तिचे वडील हिंजवडीत कंपनीची बस चालवायचे. पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने त्यांची नोकरी गेली आणि घर आईच्या पोळ्यांच्या डब्यांवर आलं. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही, असं कॉलेजने तिला लेखी कळवलं होतं. सरकारी अर्ज तिने भरला होता, पण उत्पन्नाचा दाखला वडिलांची नोकरी असतानाचा, म्हणून तो परत आला होता. नवा दाखला हाती पडेपर्यंत मुदत संपली.

ती रोज सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि मला वरपासून खालपर्यंत वाचायची. अध्यक्षांचे आभारसुद्धा. एके दिवशी ती खिडकीशी गेली.

“सर, एखाद्या ट्रस्टची शिष्यवृत्ती आली आहे का?”

रविराजांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “आली की फलकावर लागते. फलक कशाला आहे? शोभेला?”

“मी रोज बघते, सर.”

“मग रोज बघत राहा. डोळ्यांना व्यायाम होतो.”

त्याच आठवड्यात कसबा पेठेतल्या एका छोट्या संस्थेचं पत्र आलं. या कॉलेजातल्या तीन गरजू विद्यार्थ्यांची वर्षाची पूर्ण फी ती संस्था भरणार होती. मात्र सूचना फलकावर लावल्याचा, तारीख दिसेल असा फोटो तिला हवा होता. अशा अटी का घालाव्या लागतात, हे संस्थेला अनुभवानेच कळलं असणार.

रविराजांनी काच उघडली. सूचना माझ्या मधोमध लावली. दोन पावलं मागे सरकून मोबाइलने फोटो काढला. मला क्षणभर खरंच आनंद झाला. मग त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. वाढदिवसाचं नवं पोस्टर होतं. तेच त्यांनी सूचनेवर ताणून बसवलं, चार कोपऱ्यांत टाचण्या ठोकल्या आणि कुलूप लावून शीळ घालत आत गेले.

मित्रांनो, उष्टं ताट कुणाच्या अंगावर ओतावं तसं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी समर्थ नावाचा मुलगा खिडकीशी आला. हिंजवडीच्या जुन्या जमीनदार घरातला. जमिनी विकून वडील बिल्डर झालेले आणि अध्यक्षांच्या रोजच्या उठबशीतले. त्याच्या कानाला फोन होता.

“इथे सही करा,” रविराज अदबीने म्हणाले.

“कसली?”

“शिष्यवृत्तीची. गरजूंसाठीची आहे.”

“मला? पण आमचं तर...”

“दाखला पप्पांनी आणून दिलाय. आपण फक्त सही करा.”

त्याने फोन खांद्याने कानाशी धरला, न वाचता सही केली आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत निघून गेला. आपण काय घेतलं, कुणाचं घेतलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. उरलेली दोन नावंही अशीच भरली गेली. तिघांचे अर्ज आणि माझा फोटो एकाच पाकिटातून संस्थेकडे गेले. त्या खोट्या कामात माझाच पुरावा वापरला होता. एवढी किळस मला वाळवी लागली तेव्हाही आली नव्हती.

कॉलेजात झाडलोट करायला विमलाबाई होत्या. ठेकेदाराकडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. माझी काच त्या रोज ओल्या फडक्याने पुसायच्या आणि अक्षरं जुळवत मला वाचायच्या. एके दुपारी त्या वाकून खालची कड पुसत होत्या आणि एकदम थांबल्या. पोस्टर थोडं वर लागलं होतं. त्याच्याखालून, वाकल्याशिवाय दिसणार नाही असा, बोटभर कागद डोकावत होता आणि त्यावर अर्धा शिक्का होता. पूर्णिमा जिन्यात डबा खात बसली होती.

“ए पोरी,” विमलाबाईंनी हाक मारली, “हिकडं ये. अध्यक्षसायबांच्या पोटाखाली कायतरी हाय बग.”

पूर्णिमा गुडघ्यांवर बसली. काचेला नाक लावून तिने ती ओळ वाचली. “अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख...” पुढची तारीख त्याच दिवसाची होती. सायंकाळी पाच. घड्याळात दोन वाजून गेले होते.

तिने आधी मोबाइलने माझा फोटो काढला. वर अध्यक्ष, खाली ती बोटभर ओळ. मग ती खिडकीशी धावली.

“सर, त्या पोस्टरखाली सूचना आहे. जरा काच उघडता का?”

“किल्ली सापडत नाहीये.”

“सर, आज शेवटची तारीख आहे.”

“मग उशीर झालाच की. पुढच्या वर्षी लवकर वाचा.” रविराजांनी खिडकी लावून घेतली.

पूर्णिमा परत येऊन पुन्हा काचेखाली वाकली. पत्ता, अटी, काहीच दिसत नव्हतं. विमलाबाईंनी एकदा बंद खिडकीकडे पाहिलं. मग आपल्या डब्यातला चमचा काढला आणि त्याचं टोक माझ्या बिजागरीच्या स्क्रूत घातलं.

“मावशी, नका! तुमची नोकरी जाईल.”

“पुसाया दिलंय ना मला ह्ये? मंग आतून बी पुसते,” विमलाबाई म्हणाल्या.

चार स्क्रू निघाले. काचेचं दार त्यांनी अलगद भिंतीला टेकवून ठेवलं आणि पोस्टरचा खालचा भाग उचलला. इतक्या दिवसांनी माझ्या छातीला वारा लागला. पूर्णिमाने सगळी सूचना वाचली, तिचाही फोटो काढला. कागदपत्रांची फाइल तिच्या दप्तरात असायचीच. कुठे कधी लागेल काय सांगावं, म्हणून ती रोज ते ओझं वाहायची. ती पळतच बाहेर पडली.

तेवढ्यात रविराज बाहेर आले. भिंतीला टेकवलेली काच पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. “हा काय प्रकार आहे? कॉलेजच्या मालमत्तेची तोडफोड?”

“तुटलंय कुटं? काढलंय,” विमलाबाई म्हणाल्या. “लावते परत.”

आणि त्यांनी चारही स्क्रू पहिल्यासारखे बसवून दिले. रविराज तिथेच उभे राहून ठेकेदाराला फोन करत होते.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी पूर्णिमाच्या तोंडून ऐकलं. ती विमलाबाईंना सांगत होती. साडेचारला ती कसबा पेठेत पोहोचली. संस्थेचं काम श्यामलाबाई नावाच्या सत्तरीच्या बाई बघतात. त्या म्हणाल्या, “तुमच्या कॉलेजातून तीन नावं केव्हाच आली. फलकाचा फोटोही आलाय.” तेव्हा पूर्णिमाने आपला फोटो पुढे केला. बाईंनी चष्मा पुसला, दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि एवढंच विचारलं, “कार्यालय किती वाजता उघडतं?”

ती हे सांगत होती तेवढ्यात श्यामलाबाई स्वतःच येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. रविराजांना त्यांनी खिडकीतून बाहेर बोलावलं.

“हा तुम्ही पाठवलेला फोटो. हा या मुलीचा. फलक तोच आहे ना?”

“जागेची अडचण होती, मॅडम.”

“मग अध्यक्षांना बाजूला लावायचं. त्यांना कुठे पाचच्या आत अर्ज द्यायचा होता?” त्यांनी पिशवीतून समर्थचा अर्ज काढला. “आणि हे बघा. पत्त्यात बंगल्याचं नाव लिहिलंय. बंगल्याचं नाव लिहिणारा गरजू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय.”

रविराजांनी खिशातून किल्ली काढली. त्यांना वाईट वाटलंय असं मला दिसलं नाही. पकडले गेल्याचा त्रास तेवढा दिसत होता.

श्यामलाबाईंनी तिन्ही नावं रद्द केली आणि मुदत आठ दिवसांनी वाढवली. सूचना माझ्यावर उघडी लागली. मित्रांनो, त्या आठ दिवसांत तीन जागांसाठी एक्केचाळीस अर्ज गेले. एक्केचाळीस! अशी मुलं इतकी वर्षं माझ्यासमोरून जात होती आणि मी त्यांना अध्यक्षांचा वाढदिवस दाखवत होतो. मला माझीच घाण वाटली.

मुलाखती झाल्या. पूर्णिमाची निवड झाली.

आता सगळं नीट झालं असं तुम्हाला वाटेल. तेवढी घाई करू नका. रविराजांची बदली परीक्षा विभागात झाली, ती पुष्पगुच्छ देऊन. त्या निरोपाचा फोटो माझ्यावर लागला. विमलाबाईंना मात्र ठेकेदाराने ‘मालमत्तेला हात लावला’ म्हणून आठवड्याच्या आत काढून टाकलं. त्याची सूचना कुठेच लागली नाही.

मग समारंभ ठरला. फी संस्थेने भरलेली, पण मंजुरीचं पत्र अध्यक्षांच्या हस्ते. ज्या फलकामुळे गरजूंना संधी मिळते त्याच्यासमोरच फोटो काढू, ही कल्पना अध्यक्षांचीच. मला पुसलं, झेंडूची माळ घातली. त्या माळेखाली मी लाजेने मेलो. अध्यक्ष हसत उभे राहिले. पूर्णिमाचं नाव पुकारलं. ती पुढे आली, पण पत्राला तिने हात लावला नाही.

“सर, ही सूचना मला विमलाबाईंनी दाखवली. त्यांना कामावरून काढलंय. त्यांना बोलवा, मग फोटो काढू.”

अध्यक्ष तसेच हसत प्राचार्यांकडे वळले. “कोण विमलाबाई?”

प्राचार्यांनी नव्या कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने शिपायाकडे. अकरा वर्षं त्या माणसांच्या खोल्या झाडणाऱ्या बाईचं नाव त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

फोटोवाला कॅमेरा खाली करून उभा राहिला. श्यामलाबाई खुर्चीवरून उठल्या, अध्यक्षांच्या हातातलं पत्र त्यांनी काढून घेतलं आणि पूर्णिमाच्या हातात दिलं. “फोटोची अट नाही आमची,” त्या म्हणाल्या. “चल मुली, तुझा तास असेल.”

पूर्णिमाने त्या वर्षी परीक्षा दिली आणि ती पास झाली. विमलाबाई आता खडकीला एका मंगल कार्यालयात झाडतात. पगार कमी आहे. पूर्णिमा त्यांना भेटायला जाते, हे ती मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं. कॉलेजाने त्यांना परत बोलावलं नाही. आता बोलावेल असंही मला वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला रंग देऊ नका, हार तर मुळीच घालू नका. शिष्यवृत्ती शोधताना माझ्यावर दिसतं तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. खिडकीशी जा, विचारा, पुन्हा विचारा, संस्थेचा पत्ता मागून घ्या. तुम्हाला गरज नसेल तर शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी विचारा. तो लाजत असेल. आणि माझ्यावर कधी कुणाचा हसरा फोटो फार दिवस दिसला, तर त्याचा कोपरा उचलून बघा.

उचलणाऱ्याचं नावही लक्षात ठेवा.