भिंतीतला स्थिर दोष

आईला तिच्या खोलीतून काढून बंद केलेल्या गॅलरीत हलवायचे, हा निर्णय माझ्या धाकट्या भावाने, सुबोधने, एका डबीच्या सांगण्यावरून घेतला. डबी वास्तुसल्लागाराची, दोष असेल तिथे वाजणारी. आईच्या उशाशी ती तीनदा वाजली. सबब भिंतीत दोष. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई चार महिने त्या पलंगावर आहे आणि मुलुंडच्या त्या घरात तिला खिडकीजवळची तेवढीच जागा सोसवते. गॅलरीत पलंग जेमतेम मावतो, शेजारी खुर्ची नाही.

डबी आठवडाभर ‘निरीक्षणासाठी’ घरीच होती. मी एकोणतीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे. मी स्क्रू काढले.

“ताई, वॉरंटी जाईल!”

“दोषाची?”

आत अँटेना म्हणून एक तार, तिच्यापुढे कपॅसिटर, मग संकेत मोठा करणारा ऑप-अ‍ॅम्प, त्यावर आडवा रेझिस्टर, शेवटी बझर. डिफरन्शिएटर, म्हणजे फक्त बदल टिपणारे सर्किट; दुसऱ्या वर्षाचा प्रयोग. कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतो, बदल तेवढा पुढे जाऊ देतो. बदल जितका झटपट, तितके आउटपुट मोठे.

“लिफ्ट सुटताना आणि थांबताना पोटात हलतं, मधे काही कळतं का?”

“आमच्या लिफ्टमध्ये मधेही कळतं.”

“सुबोध! याला किती आहे ते कळत नाही रे, किती वेगाने बदललं ते कळतं. तुझा दोष तीस वर्षं भिंतीत बसून असेल, तर या डबीने गप्पच राहायला हवं.”

“पण वाजली ना!”

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला फ्रिज होता, दिवसभर आपोआप सुरू-बंद होणारा. डबी आईच्या उशाशी ठेवून मी त्याचे बटण बंद केले, ती वाजली. चालू केले, पुन्हा वाजली. मधे शांतता. चालत्या मोटरची गुणगुण बझरला जागे करण्याइतकी नव्हती; बटणाचा धक्का मात्र सुईसारखा उभा होता. कॉम्प्रेसर बिघडू नये म्हणून दर वेळी पाच मिनिटे थांबून मी हे सहा वेळा केले आणि कागदावर वेळा मांडल्या.

सुबोधने कागद नीट वाचला. त्याचा चेहरा उजळला, आणि मला धास्ती वाटली.

“म्हणजे दोष फ्रिजात आहे!”

“दोष नावाची कोणतीही भौतिक राशी—”

“उत्तरा, गप्प बस गं,” आतून आई म्हणाली. “सुबोध, फ्रिज गॅलरीत ने. आजच्या आज.”

त्याने सल्लागाराला फोन लावला. पलीकडून ‘उपकरण-दोष’ असे निदान झाले आणि आईची खोली निर्दोष ठरली.

माझ्यापाशी अचूक खंडन तयार होते. ते मांडले असते, तर सुबोधचा दोष पुन्हा भिंतीत गेला असता आणि आई गॅलरीत. मी फ्रिजची खालची बाजू धरली.

“ताई, हे तू आधीच का नाही सांगितलंस?” उंबऱ्यावर धापा टाकत त्याने विचारले.

“जरा डावीकडे घे,” मी म्हटले.