शेंदराची रेघ

नाशिकमध्ये पुराचं माप मारुतीवर घेतात. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की लोक पूर बघायला येतात, कमरेला लागलं की दुकानदार माल हलवतात आणि छातीला लागलं की सगळं शहर एकमेकांना फोन करत सुटतं. जुलैतल्या त्या दुपारी मारुती कमरेपर्यंत बुडाला होता. तरी खालच्या अंगाला फुलवाल्यांच्या गल्लीतली माणसं सामान हलवायचं सोडून घाटावर हात जोडून उभी होती. कारण गल्लीत रेघवाले महाराज आले होते.

महाराजांनी खालून सातव्या पायरीशी, देवळाच्या भिंतीवर शेंदराची जाड रेघ ओढली होती. हातातला त्रिशूळ आपटत ते गरजत होते, "गोदामाय माझी लेक आहे! लेक बापाची रेघ ओलांडत नाही! पावणेचारला माघारी फिरेल, लिहून घ्या!" बापाचं वय फार तर पंचेचाळीस, आणि लेक डोंगर फोडून वाहायला लागली त्याला किती काळ लोटला ते भूगोलाला विचारा. पण विचारतो कोण? पाणी रेघेला टेकलं. पावणेचार वाजले आणि पाणी खरंच बोटभर उतरलं. मग जो जयघोष झाला, त्यात पुराचा आवाजही बुडाला.

गर्दीच्या मागे रेनकोट घालून दिनेश उभा होता. वरच्या धरणावर विसर्गाच्या नोंदी ठेवण्याची त्याची नोकरी. राहायला तो धरणाजवळच्या क्वार्टरमध्ये असला तरी त्याची आई, वत्सलाबाई, गल्ली सोडायला तयार नव्हती. सकाळची पाळी संपवून तो तिला बघायला आला होता. पावणेचार ऐकून त्याच्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता. सव्वा वाजता त्यानंच आईला फोनवर सांगितलं होतं, "आई, दरवाजे खाली घेतलेत. पाणी सातव्या पायरीच्या वर जाणार नाही, आणि अडीच तासांनी उतार लागेल."

सव्वा एक आणि अडीच तास. बेरीज पहिलीतल्या पोरालाही जमेल.

धरणाचा आकडा काही गुपित नव्हता. तो गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर येत होता. पण अमुक इतके क्युसेक म्हणजे आपली कितवी पायरी, हे कळायला लहानपण त्याच पायऱ्या मोजत काढावं लागतं. दिनेशनं ते काढलं होतं.

घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं, "मी फोनवर सांगतो ते तू कुणाला सांगतेस?"

"महाराजांना. ते रोज विचारत्यात, मावशी, दिनेश काय म्हणतोय? मी सांगते. त्यात चोरी हाय का काही?" वत्सलाबाईंनी सहज सांगितलं. "मग ते डोळे मिटत्यात, ध्यान लावत्यात अन् रेघ मारत्यात."

"आई, अगं ध्यान कसलं! तो माझाच आकडा आहे."

"आसंल. पण पाणी तर त्यांनीच थांबवलं ना?"

इथे दिनेशनं उठून बाहेर जायला हवं होतं. घाटावर दोनशे माणसं अजून होती. पण आई त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती. वीस वर्षं घाटावर फुलांचे द्रोण विकणाऱ्या त्या बाईला पहिल्यांदाच आरतीच्या वेळी पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली होती. ती खुर्ची तिच्या खालून कशी ओढायची? असं त्यानं स्वतःला समजावलं आणि चहा प्यायला. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, आणि ती आठवली की त्याचे आजही कान तापतात. आपल्या आकड्यावर एवढी गर्दी डोलते, हे त्याला मनातून थोडं आवडलंही होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा पूर आला, पुन्हा रेघ, पुन्हा तोच चमत्कार. दिनेश पुन्हा गप्प बसला.

तिसरी खेप ऑगस्टअखेरची. सकाळी महापालिकेची गाडी भोंगा वाजवत फिरली आणि खालच्या खोल्यांतली माणसं शाळेत जाऊन बसली. हार गुंफणाऱ्या सहादूनं आपल्या सासूला, अंथरुणाला खिळलेल्या बायडाबाईला, पाठीवर घेऊन शाळेत नेलं. बारा वाजता धरणाचा विसर्ग निम्म्यावर आला. दिनेशनं सवयीनं फोन केला, "आई, आज पाणी सहाव्या पायरीच्या वर जात नाही." अर्ध्या तासात सहाव्या पायरीशी शेंदूर चढला. "भोंगेवाले पगारासाठी ओरडतात," महाराज म्हणाले, "मी लेकीसाठी ओरडतो! घरी चला!" लोक हसत हसत गाठोडी घेऊन परतले. सहादूनं बायडाबाईला पुन्हा पाठीवर घेतलं आणि खोलीत आणून निजवलं.

मग शहरावरच आभाळ फुटलं. धरणावर रिमझिम, आणि खाली गावात दोन तास नुसता कोसळ. पंचवटीच्या अंगानं येणारे ओढे फुगल्याचा निरोप धरणावर पोचला, आणि दिनेशच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

लहानपणी शाळेत मोहिनी मॅडम देशाच्या नद्यांचा नकाशा काढायला लावायच्या. गंगा असो, ब्रह्मपुत्रा असो, कृष्णा असो, त्यांचा एकच हट्ट. आधी उपनद्या काढायच्या, ओढे काढायचे, आणि नदी सगळ्यात शेवटी. "पूर नदी आणत नाही रे," त्या म्हणायच्या, "तिला येऊन मिळणारं सगळं खोरं आणतं." दिनेशला त्यात पैकीच्या पैकी मार्क असायचे. आणि तोच दिनेश धरणाचा एकटा आकडा पुरासारखा सांगत बसला होता. धरणाखाली पडणारा पाऊस त्याच्या वहीत कुठे होता?

त्यानं आईला फोन लावला. उचलला नाही. साहेबांना सांगून त्यानं मोटारसायकल काढली.

तो पोचला तेव्हा पाणी रेघेच्या वीतभर खाली होतं आणि आरती चालू होती. दिनेश देवळाच्या ओट्यावर चढून ओरडला, "थांबा! ती रेघ महाराजांची नाही, माझी आहे! मी धरणावरून आईला सांगतो, आई यांना सांगते आणि हे शेंदूर फासतात. पण आजचं पाणी धरणाचं नाहीये, ओढ्यांचं आहे. माझा आकडा चुकलाय. घरं रिकामी करा!"

आरती थांबली. महाराजांचे डोळे बारीक झाले. "हा अश्रद्ध माणूस! याच्या सावलीनंच माय खवळलीय. याला आधी बाहेर काढा!"

दोघातिघांनी दिनेशचे दंड धरले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली खुर्ची मागे सरकली. वत्सलाबाई उभ्या राहिल्या.

"सोडा त्याला," त्या म्हणाल्या. "पोरगं खरं बोलतंय. तिन्ही वेळंला आकडा म्याच दिला."

कुणी काही बोलायच्या आत पाणी शेंदरावर चढलं. रेघ आधी फिकट झाली, मग तिचे ओघळ झाले, आणि लेक बापाला न विचारता सातव्या पायरीवर आली, आणि तिथंही थांबली नाही. सगळ्यात आधी वरच्या रस्त्याला कोण लागलं असेल, ते सांगायला नको. त्रिशूळ घाटावरच राहिला.

पुढचा अर्धा तास गल्लीनं नुसती धावपळ केली. सहादू आणि दिनेश खोलीत शिरले तेव्हा पाणी कमरेला होतं. बायडाबाईची खाट तरंगत होती आणि ती गळ्यापर्यंत भिजून थरथरत होती. दोघांनी तिला खांद्यावर घेऊन वर आणलं. त्या दिवशी गल्लीत कुणी बुडालं नाही. बायडाबाई सहाव्या दिवशी दवाखान्यात न्यूमोनियानं गेली, म्हणून पुराच्या बळींत तिचं नाव कुणी लिहिलं नाही.

दहाव्याला दिनेश सहादूच्या दारात गेला. सहादूनं त्याला बसायला सांगितलं नाही.

"दिन्या, एक सांग. जुलैमधी तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् तू गप ऱ्हायला?"

सहादू पाठ फिरवून आत निघून गेला. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर दिनेशला परवडलं असतं.

पुढच्या रविवारी दिनेशनं देवळाची भिंत धुतली आणि पांढऱ्या रंगानं तीन पुरांच्या तीन खुणा केल्या. प्रत्येकीपुढे तारीख, धरणाचा आकडा आणि गावात पडलेला पाऊस. लोक जमले. त्यानं मोबाइलवरचा संदेश कसा वाचायचा ते दाखवलं, पाणी इथवर यायला किती वेळ लागतो ते सांगितलं, आणि आकडा कुठे संपतो तेही सांगितलं. "मी सांगतो म्हणूनही विश्वास ठेवू नका," तो म्हणाला. "मला कसं कळलं, ते विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या मागे जाऊ नका. आणि ज्याला माहीत आहे, त्यानं गप्प बसू नये." शेवटचं वाक्य बोलताना त्याची मान वर झाली नाही.

सप्टेंबरात धरणानं पुन्हा पाणी सोडलं. वत्सलाबाई घाटावर उभ्या राहून घरोघर हाका मारत होत्या, "हा आकडा धरणाचा झाला, वढ्याचा नाय! आभाळाकडं बघा अन् आधी म्हातारी माणसं वर न्या!"

गाठोडं बांधता बांधता एक बाई हळहळली, "मावशी, महाराज असते तर आज हे उचलावं लागलं नसतं."

वत्सलाबाई तिच्याजवळ गेल्या आणि त्यांनी गाठोड्याचं दुसरं टोक धरलं.

"महाराज कधी नव्हतेच, बाई," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा होता. अन् तो गप होता."